वखरावरची पिवळी पेटी

वखर नुसता वरवर चालला होता. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं, हरभऱ्यासाठी आडव्या-उभ्या दोन पाळ्या घालायच्या होत्या, आणि डोमाजीच्या हातात रुमण्याची मूठ दाबून धरायचं बळ उरलं नव्हतं. वरच्या अंगाला जमीन कडक. तिथं वखराची लोखंडी पास मातीत शिरायचं नाव घेईना, आणि बैल आपले रिकामे फिरायला निघाल्यागत पुढं पळत होते. वखराच्या आडव्या खोडावर दगड ठेवून पाहिला, तो दोनदा घसरला आणि एकदा डोमाजीच्या पायावर पडला. पाय चेचला तरी त्यानं शिवी दिली नाही. दगड बाजूला सारून तो दुसरं काही वजन मिळतं का ते बघायला सडकेकडं निघाला.

गेल्या साली हेच रुमणं त्याच्या पोराच्या, व्यंकटेशच्या हातात होतं. पोरगा असा दाबायचा की पास ढेकळाखालून सरसर निघायची. यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी तो कपाशीवर फवारणी करून आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, डोळ्यांपुढं अंधारून येतंय. गावातून तामसी, तामसीहून आदिलाबादच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला. अठ्ठावीस वर्षांचा होता. बायको वनमाला तिसऱ्या महिन्यात होती. बाजारहत्नूरहून तिची आई न्यायला आली, पण वनमाला गेली नाही. डोमाजीची बायको तर आधीच गेलेली. अशी त्या घरात सासरा आणि सून, दोनच माणसं राहिली, आणि दोघंही एकमेकांशी कामापुरतं बोलत.

डोमाजी रडला नव्हता. बैल सोडणं, पाणी पाजणं, भाकर खाणं हे सगळं तो वेळच्या वेळी करी, पण गड्यानं मालकाचं काम करावं तसं करी. वखरावर असला की फेरे मोजी. अकरा, बारा, तेरा. आकडे डोक्यात चालू राहिले की दुसरं काही आत येत नसे.

सडकेचं काम चालू होतं. नव्या पुलाच्या बाजूला पळसाच्या झुडपात त्याला ती पेटी दिसली. पिवळी धम्मक, जाड प्लास्टिकची, दोन्ही अंगाला धरायला कड्या. कुलूप वाकडं झालेलं, त्यावर घाव घातल्याच्या खुणा, पण उघडलेलं नव्हतं. वजन खताच्या पोत्यापेक्षा थोडं कमी भरेल. एका बाजूला चिठ्ठी होती, निम्मी खरवडलेली, आणि तिच्यावर तीन पात्यांचं काळं चिन्ह होतं. डोमाजीला वाटलं पंख्याच्या कंपनीची खूण असेल. एरवी त्यानं चार ठिकाणी विचारलं असतं, ही कोणाची, इथं कशी आली. पण त्या दिवसांत तो कशालाच काही विचारत नव्हता. त्यानं पेटी खांद्यावर मारली, वखराच्या खोडावर सुतळीच्या दोरानं आवळली आणि बैलांना हाक दिली. पास चार बोटं आत गेली.

असं सहा दिवस चाललं. सकाळी वरचं कडक रान पेटी बांधून वखरायचं. दुपारी वनमाला भाकर घेऊन आली की जेवायचं. मग खालच्या अंगाचं रान, ते भुसभुशीत, तिथं वजन नको. वजनानं पास फार खोल जाई आणि बैल दमत. म्हणून दुपारनंतर पेटी सोडून तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीला ठेवी. वनमाला घरी परत जात नसे. घरात एकटीनं भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा ती रानातच थांबे, संध्याकाळी बैलांसोबत परते. पहिल्या दिवशी ती धुऱ्यावर खाली बसायला लागली तेव्हा डोमाजी म्हणाला, "सूनबाई, भुईले ओल हाये. यावर बस." तेवढं एकच वाक्य तो त्या दिवशी बोलला असेल. ती बसली. मग रोजच बसायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, अशी वस्तू हरवली आणि कोणी दवंडी पिटली नाही? पिटली ना. ऑटोवर भोंगा लावून तीन दिवस गावोगाव फिरवला. पण तो दसऱ्याचा आठवडा होता. दसऱ्याला आदिलाबाद या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, नवीन मंडळं म्हणजे तालुके झाले, डोमाजीचं गाव टेंभुरखेडा एका रात्रीत तामसी मंडळातून निघून नव्या मंडळात गेलं. त्या आठवड्यात जो ऑटो येई तो तेलुगूतून नव्या जिल्ह्याच्या शुभेच्छाच सांगत येई. पहिल्या दोन ऑटोंच्या मागं माणसं धावली, तिसऱ्याला कोणी मानही वर केली नाही, आणि पेटीचा ऑटो बहुधा पाचवा होता. पेटीचा फोटो असलेला कागदही चिकटवला होता, पण जुन्या मंडळाच्या कचेरीवर. टेंभुरखेड्याचा आता त्या कचेरीशी संबंध उरला नव्हता. नवी कचेरी शाळेच्या एका खोलीत होती आणि तिच्या भिंतीवर अजून पाढेच होते.

तो कागद पाहिला उद्धवरावांनी. उद्धवराव म्हणजे गावात तेलुगू वाचता येणाऱ्या तिघांतले एक, रेशन दुकानात बसायचे. आपल्या पेन्शनचे कागद जुन्या कचेरीतून सोडवून आणायला गेले आणि भिंतीवर पिवळी पेटी पाहून जागच्या जागी थांबले. ही पेटी त्यांनी डोमाजीच्या धुऱ्यावर पाहिली होती. त्यांनी कागदावरच्या नंबरला फोन केला आणि मिळेल त्या बसनं गावाकडं आले. तिथून थेट रानात.

सातवा दिवस होता तो. डोमाजीचं वरचं रान होत आलं होतं. उद्धवरावांनी त्याला पेटीपासून दूर बोलावून घेतलं, धापा टाकत सांगितलं की ही सडकेच्या कंपनीची पेटी आहे, तामसीच्या स्टँडवर जीपमधून चोरीला गेली, आत किरणं का काय ते आहेत आणि हात लावू नये असं लिहिलंय. पोलीस निघाले आहेत.

"मी चोरली नाई," डोमाजी म्हणाला.

"ते मले ठाऊक हाये. पण वखरावर बांधून सात दिवस फिरवली असं सांगशील त ते काय समजतीन? तू सांग, धुऱ्यापाशी पळसाखाली दिसली, कोनी शिवलं नाई. एवढंच सांग, डोमाजीभाऊ. घरात गरोदर सून हाये, तिले ठाण्यात नेऊन बसवतीन."

उद्धवराव मनानं चांगला माणूस. त्यांनी भल्यासाठीच सांगितलं. डोमाजीनं पेटी सोडली आणि धुऱ्यावरच्या पळसाखाली नेऊन ठेवली.

जीप आली ती अकराच्या सुमाराला. एक जमादार नरसिंगराव, तामसीच्या ठाण्याचा, पोट सुटलेला आणि उन्हानं वैतागलेला. दुसरी कंपनीची बाई, चारुशीला. तिचं माहेर आदिलाबादेतलं, तीन पिढ्यांपासून नोकरीवालं मराठी घर, शिक्षण सगळं हैदराबादेत. हातात रेडिओएवढं यंत्र घेऊन ती पेटीपाशी गेली. यंत्र टिकटिकलं. तिनं पेटीच्या चारी बाजूंनी ते फिरवलं, कुलूप वाकून पाहिलं, आणि मग कमरेवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. म्हणाली, कुलूप वाकलंय पण तुटलं नाही, आतलं सगळं जागच्या जागी आहे. सडकेचा मुरूम नीट दाबला गेला की नाही ते मोजायचं यंत्र आहे, किरणांचा बारीकसा तुकडा असतो त्यात, जाड धातूच्या आत बंद. चोरानं भंगार समजून फोडायला घेतली असेल आणि जमेना तेव्हा टाकून दिली असेल.

नरसिंगरावाची अडचण वेगळीच होती. पेटी चोरीला गेली जुन्या मंडळाच्या हद्दीत, आणि हे रान आठ दिवसांपूर्वीपासून नव्या मंडळाच्या हद्दीत. नव्या ठाण्याला खोली मिळाली होती, शिक्का मिळाला नव्हता. इथं सापडली असं लिहिलं तर पंचनामा नव्या ठाण्याचा, आणि तो शिक्का येईस्तोवर पेटी इथंच पडून राहायची. पुलापलीकडची बाजू मात्र अजून जुन्या हद्दीत होती. त्यानं डोमाजीकडं पाहिलं आणि आपल्या दख्खनी हिंदीत तोडगा काढला.

"पुल के उस बाजू मिली, ताला सलामत, किसी ने हात नहीं लगाया. ऐसा लिख दूँ? तुम बस गवाह. सबका काम हलका."

डोमाजीनं मान हलवली. नरसिंगरावानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून जबानी लिहिली, डोमाजीनं अंगठा दिला. सात दिवस पुसून गेले. त्यानं ना पेटी उचलली होती, ना बांधली होती, ना कोणाला तिच्यावर बसवलं होतं. त्याला सुटल्यासारखंही वाटलं नाही. अंगठ्याची शाई त्यानं मातीत पुसली आणि बैलांकडं बघत उभा राहिला.

पेटी जीपमध्ये चढवली तेवढ्यात वनमाला आली. डोक्यावर भाकरीची टोपली, हातात पाण्याची कळशी. जीप पाहून ती थांबली आणि मग रस्ता तोच म्हणून जीपच्या बाजूनं पुढं यायला लागली.

चारुशीलाचं तिच्याकडं लक्ष गेलं. आधी चेहऱ्याकडं, मग पोटाकडं. तिनं झटकन हात आडवा केला. "ताई, तिथंच थांबा. इकडून येऊ नका. लांबून, त्या कडेनं या." आणि नरसिंगरावाला म्हणाली, जीप जरा पुढं घ्या, या बाईंना जाऊ द्या.

जीप वीस पावलं पुढं गेली. वनमाला कपाशीच्या कडेनं वळसा घालून आली. ती काही समजली नाही, पण सांगितलं तसं चालली.

डोमाजी ते बघत होता. पेटी बंद, वर जीपची मागची फळी बंद, आणि तरी ही शिकलेली बाई त्या पोरीला बाजूनं जाऊसुद्धा देत नव्हती. एवढ्याशा घडीसाठी. आणि त्यानं तिला सहा दिवस बसवली होती. स्वतःच्या तोंडानं बस म्हणून सांगून बसवली होती. त्याचं डोकं रिकामं झालं. मोजायला आकडा सापडेना.

तो जीपकडं चालायला लागला. उद्धवरावांनी दंड धरला, तो त्यानं सोडवून घेतला.

"बाई, थांबा," तो चारुशीलाला म्हणाला. "कागदावर खोटं हाये."

उद्धवरावांनी डोळे मिटले. डोमाजीनं मग सगळं सांगितलं, सपाट आवाजात, जसं घडलं त्या क्रमानं. झुडपातून उचलली. वखरावर बांधली. दुपारी सोडून धुऱ्यावर ठेवली आणि सून तिच्यावर बसायची. मीच बसवली. खाली ओल होती म्हणून.

नरसिंगराव जीपमधून उतरला. त्याला राग आला होता, पण आवाज खालीच होता. चोरीका माल सात दिन रखा, ऐसा लिखना पडेंगा, बुढ्ढे. अंदर जाना पडेंगा. अंगठा दिया ना, अब घर जाव. डोमाजी म्हणाला, "चालते. मले नेजा. पन हिचं काय ते आधी पाहा."

चारुशीलानं वनमालाला पळसापासून दूर, दुसऱ्या धुऱ्यावर बसायला सांगितलं. मग डोमाजीला विचारलं, "काका, रोज किती वेळ बसायच्या त्या? तास, दीड तास?"

"घड्याळ नाई माझ्यापाशी."

"अंदाजानं सांगा."

"अंदाजानं नाई. वीस फेरे."

ती बघतच राहिली. डोमाजीनं सांगितलं, खालच्या रानाला दुपारून वीस फेरे बसतात. रोज वीस, कमी नाही जास्त नाही. मी मोजतो. माझे वीस होईस्तोवर ती बसून असायची. सहा दिवस. आज सातवा, आज बसली नाही.

"मग मला एक फेरा करून दाखवा," चारुशीला म्हणाली.

पेटी जीपमधून उतरवली. डोमाजीनं बोटानं दाखवलं तिथं, पळसाखाली, जशी रोज ठेवत होता तशी ठेवली. चारुशीलानं तिच्यावर यंत्र धरलं, बसल्यावर माणसाचं पोट येईल तेवढ्या उंचीवर, आणि वहीत आकडा लिहिला. मग मोबाइलमध्ये घड्याळ लावलं आणि मान हलवली. डोमाजीनं बैल हाकले.

वखर खालच्या रानात गेला. झालेलंच रान होतं, माती पिठासारखी. बैलांना कळेना की हे परत कशाला, पण ते चालले. टोकाशी वळवताना डोमाजीनं धुऱ्याकडं पाहिलं. रोज याच जागेवरून त्याला वनमाला पेटीवर बसलेली दिसायची, गुडघ्यावर हात ठेवून, त्याच्याकडं नाही तर बैलांकडं बघत. त्याला बरं वाटायचं तेव्हा. गेल्या दोन महिन्यांत एवढीच गोष्ट त्याला बरी वाटायची, की पोरगी सावलीला आहे, ओलीत नाही. आज पेटीवर कोणी नव्हतं. तो परत फिरला आणि बाईच्या समोर बैल उभे केले.

आठ मिनिटं झाली होती. चारुशीलानं जमिनीवर उकिडवं बसून हिशोब मांडला. आठ गुणिले वीस, गुणिले सहा. सोळा तास. त्याला यंत्रावरच्या आकड्यानं गुणलं. दोनदा केला. नरसिंगरावसुद्धा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"काका," ती उठली. "कमी आहे. आपल्याला सगळ्यांना मातीतून, आभाळातून वर्षभर थोडं थोडं हे लागतच असतं. ताईंना लागलं ते त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. कुलूप तुटलं असतं तर मी वेगळं बोलले असते."

"पोटात?"

"पोटातल्याला त्याहून थोडं कमीच. मी उद्याच त्यांना आदिलाबादला, रिम्सच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाते, सोनोग्राफी करू, डॉक्टरही बघतील. काहीच होणार नाही असं मी छातीठोक लिहून देऊ शकत नाही, तसं कोणालाच देता येत नाही. पण भीती धरावी एवढं हे नाही."

डोमाजीनं ऐकून घेतलं. "दिसत नाई, वास नाई," तो म्हणाला. "फवाऱ्याच्या औषधाले निदान वास त असते." चारुशीलाला त्याचा अर्थ लागला नाही. उद्धवरावांना लागला, ते दुसरीकडं बघायला लागले.

वनमाला तिकडच्या धुऱ्यावरून उठून आली होती. तिनं बरंचसं ऐकलं असावं. डोमाजीला वाटलं, आता ही विचारेल, मामाजी तुम्हीच मला बसवलं. तिनं विचारलं नाही. टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "मामाजी, भाकर थंडी होऊन राह्यली." तो वखराच्या खोडावर टेकला.

नरसिंगरावानं पहिला कागद खिशातून काढला, दोनदा घडी घातली आणि परत खिशात ठेवला. फाडला नाही, पण दाखवलाही नाही. मग म्हणाला, चोरीचं ठाण्यात पाहू, बुढ्ढ्यानं स्वतः सांगितलं हेपण लिहीन, नव्या ठाण्याचा शिक्का कधी येतो ते देवालाच माहीत. तोवर मॅडम, तुमचा कागद करून घ्या. डोमाजीला दोन दिवसांनी तामसीला येऊन बस म्हणाला. डोमाजी हो म्हणाला.

चारुशीलाचा कागद छापील होता. पेटीच्या जवळ आलेल्या माणसांची नोंद. हा कागद वर जायचा, मुंबईला, किरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत, आणि तिथं वर्षानुवर्षं राहायचा. पुढं कधी काही झालं तर याच कागदावरून विचारपूस व्हायची, असं तिनं समजावून सांगितलं. तिनं डोमाजीचं नाव लिहिलं, वय लिहिलं, किती वेळ, किती अंतरावर. वनमालाचं नाव लिहिलं. मग वरच्या रकान्यात एकूण माणसं किती ते लिहायचं होतं.

"दो," नरसिंगराव म्हणाला. "एक बुढ्ढा, एक बहू."

तिनं पेन टेकवलं.

"तीन," डोमाजी म्हणाला.

ती थांबली. नरसिंगरावाला वाटलं आणखी कोणी तरी लपवलं आहे, तो वळून रानभर बघायला लागला. चारुशीलाला मात्र कळलं. ती हळू म्हणाली, "काका, जन्मलेल्या माणसांचीच नोंद असते यात. ताईंच्या नावापुढं मी गरोदर असं लिहिलंय."

"ते लिहा. पन माणसं तीन लिहा. सहा दिवस तेही बसलं होतं." त्याचा आवाज आता सपाट राहिला नव्हता. "उद्या त्याले काही झालं, आन् तुमच्या मुंबईवाल्यानं म्हटलं, असं कोनी तिथं नव्हतंच, त मी कोनाले दाखवू? पोराच्या वक्ती माझ्यापाशी कागदच नव्हता. भरपाईले गेलो त फवारनीचा कागद द्या म्हने. कोनता कागद? याचा कागद मले पायजे."

जमादार टोपी काढून कपाळ पुसत राहिला. चारुशीलानं दोनाच्या जागी तीन लिहिलं आणि खाली तिसरी ओळ आखली. पेन नावाच्या रकान्यावर आणलं आणि वर पाहिलं.

"नाव अजून नाई," डोमाजी म्हणाला. "बापाचं लिहा. व्यंकटेश डोमाजी."

तिनं लिहिलं. मागं वनमालाच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला आणि ती ढेकळातच खाली बसली, पदर तोंडात धरून. व्यंकटेशला जाळलं तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. डोमाजी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. सुनेच्या डोक्यावर हात ठेवायची रीत नव्हती, म्हणून त्यानं कळशीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि ती घेईपर्यंत पेला तसाच तिच्यापुढं धरून राहिला.